अर्धा अक्रोड

आमच्या घरात काही अवयवांना नावे नव्हती. डोके होते, पोट होते, गुडघे तर होतेच होते. चार माणसे जमली की गुडघ्यांवर तासभर सहज बोलणे होई. पण कंबर आणि मांड्या यांच्या मधला जो मुलूख आहे तो आमच्या घरच्या नकाशावर कोराच ठेवलेला होता. माझे वडील सांगलीला असत. उतारवयात ते रात्रीतून पाच-पाच वेळा उठत, चाचपडत मोरीकडे जात आणि परत येऊन अंथरुणावर बसून राहत. आई म्हणे, "यांना झोपच नाही." पुढे त्यांची कंबर दुखू लागली. ती वयोमानाप्रमाणे दुखते असे सर्वांनी, खुद्द वडिलांनीही, ठरवून टाकले. डॉक्टरांनी शेवटी हाडांचे फोटो काढले तेव्हा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मणक्यात उतरलेला होता. हे १९९८ साली. मी लंडनला होतो. धाकट्या भावाने, बापूने, फोनवर सांगितले, "दादा, अप्पांना लघवीचं काहीतरी झालंय." त्या 'काहीतरी'तच अप्पा गेले.

इतके पाहूनही माणूस शहाणा होतो असे नाही. निदान मी तरी झालो नाही. मी १९७६ साली विलायतेत आलो आणि पुढची चौतीस वर्षे पश्चिम लंडनमधल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. उष्णता, प्रकाश, ध्वनी यांवर मी वाटेल तितके बोलू शकतो. स्वतःच्या देहाविषयी बोलायची वेळ आली तेव्हा मात्र मी अप्पांचाच मुलगा निघालो.

२०२१ च्या शरद ऋतूत आमच्या विभागाच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच कारणासाठी रक्त काढले. त्या वेळी वडिलांचा इतिहास विचारून पीएसए नावाची एक तपासणी जोडून दिली. आकडा आला ७.८. मला रात्री उठावे लागत नव्हते, कुठे दुखत नव्हते, काहीही होत नव्हते. "हा रोग सुरुवातीला बहुधा काहीच सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि रात्री उठायला लावते ती पुष्कळदा नुसती वयामुळे वाढलेली ग्रंथी असते. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच असेही नव्हे. पण बघायला हवे."

मग एमआरआय झाला. पूर्वी अशा वेळी सरळ सुया खुपसून ग्रंथीचे तुकडे काढत. त्या अंधारात मारलेल्या तिरांपैकी काही नेमके रोगाला चुकवून जात. ५७६ पुरुषांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि आधी एमआरआय, मग गरज पडल्यास सुया, असा क्रम इंग्लंडात रूढ झाला. माझ्या बाबतीत गरज पडली. जानेवारीत बायॉप्सी झाली आणि फेब्रुवारीत मला बोलावणे आले.

या साऱ्या काळात मी घरी काय सांगितले? "रक्तदाबाची तपासणी आहे." पंचेचाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला मी असे सांगितले आणि तिने ते ऐकून घेतले. तिने ते मानले असे मला वाटले, हा माझा भाबडेपणा.

रुग्णालयातले सर्जन तरुण होते, माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांहून फार तर दहा वर्षांनी मोठे. त्यांनी एका कागदावर अक्रोडाएवढी आकृती काढली. ही ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली बसलेली, मधून लघवीची नळी गेलेली, मागे गुदाशय. आकृतीच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने एक डाग काळा केला. "रोग एवढ्यात आहे. ग्लीसन तीन अधिक चार, म्हणजे सात. मध्यम प्रतीचा. बाहेर गेलेला नाही." मग त्यांनी माझ्यापुढे चार वाटा मांडल्या. काहीच न करता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. ग्रंथी सबंध काढून टाकायची. सबंध ग्रंथीवर किरण द्यायचे. किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरी एका बिंदूवर गोळा करून फक्त डागाची बाजू जाळायची आणि उरलेला अक्रोड जागच्या जागी ठेवायचा.

मी विचारले, "डॉक्टर, तुम्ही सांगा, मी काय करू?"

आमच्या पिढीचा हा हक्काचा प्रश्न. डॉक्टरने सांगावे आणि आपण मान डोलवावी. पण ते म्हणाले, "ते तुम्हालाच ठरवायचे आहे. या अवस्थेत घाईने मरण येत नाही. प्रश्न आहे तो पुढची वीस वर्षे तुम्हाला कोणत्या गोष्टी सांभाळायच्या आहेत आणि कोणती काळजी सोसवेल याचा. पत्नीशी बोललात का?"

"हो," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत चटकन बोललेले खोटे असेल.

घरी आलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर रुग्णालयाची तीन पत्रे ओळीने मांडून ठेवलेली. मी ती माझ्या जुन्या प्रयोगवह्यांच्या कप्प्यात दडवली होती.

"अहो, रक्तदाबाला बायॉप्सी करतात का?" तिने विचारले.

मी गप्प राहिलो.

"सासूबाईंना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं मामंजींना काय झालंय ते. त्या मला म्हणाल्या होत्या, 'मला सांगितलं असतं तर मी रात्री उठून त्यांच्याबरोबर बसले तरी असते.' तुम्हाला मलाही तसंच ठेवायचंय का?"

ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती रागावली नाही. तिने चहा टाकला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार."

ती आली. पुढच्या भेटीत सर्जन एकेका उपचाराचे दुष्परिणाम सांगत होते आणि मी माझे बूट पाहत होतो. ग्रंथी काढली तर लघवीवरचा ताबा काही काळ किंवा कायमचा सैल होऊ शकतो. पुरुषाची जी शक्ती म्हणतात ती जाऊ शकते, कारण तिच्या नसा ग्रंथीला दोन्ही अंगांनी चिकटून गेलेल्या असतात. किरणांनीही हळूहळू तसे होऊ शकते, शिवाय आतड्याला त्रास. ध्वनीच्या उपचारात एका बाजूच्या नसा बहुधा वाचतात, म्हणून हे धोके कमी. पण शून्य नव्हेत.

मला एक प्रश्न विचारायचा होता. तो माझ्या जिभेवर मुंग्यांसारखा फिरत होता. तो विचारला माझ्या बायकोने. सांगलीकडची ती, डोक्यावरचा पदर विलायतेत सुटला तरी बोलण्यावरचा सुटलेला नव्हता, असा माझा समज. तिने स्वच्छ इंग्रजीत विचारले, "म्हणजे आमचे नवरा-बायकोचे संबंध राहतील की नाही? शंभरातल्या किती जणांचे राहतात? आणि नाही राहिले तर त्यावर काय करता येते?"

सर्जननी अगदी सहज उत्तर दिले. बहुसंख्य पुरुषांचे राहतात, काहींना गोळ्यांची मदत लागते, काहींचे जातात. वीर्य कमी होते किंवा अजिबात येत नाही. जगात कुठेही छप्पर कोसळले नाही.

बसमधून परत येताना ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला तुम्ही हवे आहात. बाकीचं आपण बघून घेऊ. पण तुम्हाला काय हवंय ते एकदा तोंडानं बोला."

मी बोललो. एकोणसत्तराव्या वर्षी, लंडनच्या बसच्या वरच्या मजल्यावर. सुदैवाने आजूबाजूला मराठी कळणारे कोणी नव्हते.

आम्ही ध्वनीची वाट धरली.

मास्तराची खोड जात नाही, म्हणून या ध्वनीविषयी थोडे सांगतो. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. या उपचारात वापरतात त्या लहरींची कंपने असतात सेकंदाला तीस ते चाळीस लाख. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ अशा लहरींनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधत होता. त्याच्या झोताच्या वाटेत आलेले मासे मरतात आणि पाण्यात हात घातला तर वेदना होतात, असे त्याला दिसले. १९४२ साली अमेरिकेत या लहरी एका बिंदूवर गोळा करून प्राण्यांच्या शरीरात खोलवर जखम करता येते, असे प्रयोग झाले. ग्रंथीवर त्या वापरायचे तंत्र १९९० नंतर फ्रान्समधल्या लियाँसारख्या ठिकाणी रूपाला आले. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही भिंगाने कागद जाळत असू. ऊन तळहाताला नुसते कोमट लागे, पण भिंगाखालच्या ठिपक्यात कागद काळा पडून धूर निघे. तत्त्व तेच. लहरी वाटेतल्या मांसातून निरुपद्रवीपणे जातात आणि जिथे एकत्र येतात तिथे दोन-तीन सेकंदांत ऐंशी-नव्वद अंशांचा ताप उत्पन्न करतात. एका ठोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा मरते. मग यंत्र क्षणभर थांबते आणि शेजारचा दाणा घेते. असे दाण्याला दाणा लावत डागाची सारी बाजू भरून काढायची.

एप्रिल २०२२ मध्ये माझ्या अक्रोडात असे दाणे भरले. मी अर्थातच भुलीखाली होतो. सकाळी एनिमा, मग भूल. यंत्राची कांडी गुदद्वारातून आत जाते, बाहेर एकही काप पडत नाही. दोनेक तासांनी जागा झालो, चहा-बिस्किटे खाल्ली आणि संध्याकाळी लघवीची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी घेऊन टॅक्सीने घरी आलो. आमच्याकडे कर्करोगाचे ऑपरेशन म्हणजे महिनाभर घरात कुजबुज आणि मोसंब्यांचा ढीग. मी त्याच रात्री मऊ भात आणि मेतकूट खाल्ले.

पण हे एखाद्या दंतकथेसारखे सोपे होते असे मी लिहिले तर तो अप्पांचाच मार्ग झाला. नळी आठवडाभर राहिली आणि तो आठवडा वाईट गेला. झोपेत कूस वळवली की ओढ बसे. लघवीतून रक्त गेले; पुढे काही आठवडे मेलेल्या मांसाचे कपटे जात राहिले. नळी काढल्यावर पहिले काही दिवस जळजळ अशी की मी मोरीची भिंत धरून उभा राही. एकदा मूत्रमार्गाला संसर्ग होऊन ताप आला. आणि ज्या गोष्टीविषयी बायकोने विचारले होते ती सहा-सात महिने जवळजवळ नव्हतीच. नंतर गोळीच्या आधाराने पुष्कळशी परत आली. मधल्या महिन्यांत आम्ही जितके बोललो तितके लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. हे वाक्य मी तिला दाखवून, तिची परवानगी घेऊन लिहिले आहे.

तीन महिन्यांनी पीएसए २.४ वर उतरला. वर्षाने एमआरआय झाला, त्यात काही दिसले नाही. तरी सर्जननी "बरे झालात" असे म्हटले नाही. "ठीक चालले आहे" म्हणाले. ग्रंथी काढलेल्या माणसाचा आकडा जवळजवळ शून्य होतो. माझा होत नाही, कारण उरलेली बाजू आपले काम करतेच आहे. ती चांगले काम करते आहे की वाईट, हे मी दर काही महिन्यांनी रक्त देऊन विचारायचे. रक्त दिल्यापासून आकडा येईपर्यंतचे चार दिवस मी फारसा चांगला माणूस नसतो. अर्धा अक्रोड वाचवला की अर्धी काळजीही वाचते.

या काळजीचे काय करायचे, हे मला तिथल्या रुग्णांच्या एका बैठकीत कळले. दर काही आठवड्यांनी एका दिवाणखान्यात उपचार झालेले आणि व्हायचे असलेले पुरुष चहा घेत बसतात. पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची पकडली. वेम्बलीचे एक गुजराती दुकानदार होते. ते दुसऱ्या आठवड्यात दुकानात बसले, सहा वर्षे झाली, काहीही त्रास नाही. कामात ढिलाई नको म्हणून नळीचे दिवससुद्धा त्यांनी हिशेब लिहिण्यात घालवले होते. एक उंच, शांत वकील होते. त्यांचा रोग दोन वर्षांनी त्याच बाजूला परत उगवला. पुन्हा ध्वनी दिला, मग पुढे दुसऱ्या बाजूलाही निघाला आणि शेवटी सबंध ग्रंथीवर किरण घ्यावे लागले. एका नवख्याने त्यांना विचारले, "मग पहिल्यांदाच का नाही घेतलेत?" ते म्हणाले, "ती पाच वर्षे मला पाहिजे तशी मिळाली. मला पश्चात्ताप नाही. पण मला कोणी फसवले असेही म्हणणार नाही, मला हे आधी सांगितले होते."

आकडेही दोघांच्या बाजूने बोलतात. ब्रिटनमधल्या १३७९ पुरुषांचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांनंतर शंभरांतले सुमारे ६९ जण पुढच्या मोठ्या उपचारांवाचून राहिले होते. म्हणजे दुकानदार जास्त. पण वकीलही थोडे नव्हेत. शस्त्रक्रिया आणि किरण यांच्याशी या उपचाराची समोरासमोरची दीर्घ तुलना अजून पुरी व्हायची आहे. दुसरीकडे, नुसते लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि किरण यांची तुलना करणारा १६४३ पुरुषांचा जो ब्रिटिश अभ्यास आहे, त्यात पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून शंभरांतले सुमारे तीनच या रोगाने गेले होते. वेळेवर सापडलेला, ग्रंथीतच असलेला रोग माणसाला विचार करायला अवधी देतो. अप्पांना तो अवधी मिळाला नाही.

त्या बैठकीत मूळचे जमेकाचे एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही याच रोगाने गेलेले. इंग्लंडात आठ पुरुषांत एकाला आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. काळ्या पुरुषांत चारांत एकाला. ते म्हणाले, "मी डेपोत जाऊन एकेकाला धरतो. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचा दिसला की विचारतो, रक्त तपासलेस का? माझ्या तोंडून हा शब्द ऐकून लोक हसतात. हसू देत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या वडिलांना होता म्हणालात. भाऊ आहेत?"

"एक आहे. हिंदुस्थानात."

"त्याला काय सांगितलेत?"

मी पुन्हा माझे बूट पाहू लागलो.

बापू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. बाप किंवा भाऊ यांपैकी एकाला हा रोग असला तर धोका साधारण दुपटीने वाढतो. बापूला तर दोन्ही होते. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितले होते. त्यानंतर बापूशी माझे दर रविवारी बोलणे झाले होते. हळदीचा भाव, कृष्णेचे पाणी, पुतणीचे स्थळ, सगळ्यावर. माझ्या प्रकृतीवर मी म्हणालो होतो, "जरा लघवीचं काहीतरी होतं, आता बरं आहे." शब्द अगदी तोच. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने मला दिलेला शब्द मी त्याला जपून परत केला होता.

बायकोपुढे बोललो, सर्जनपुढे बोललो, वीस परक्या पुरुषांपुढे बोललो. सख्ख्या भावापुढे मात्र अजून घरचा तो कोरा नकाशाच उलगडून बसलो होतो.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला मी फोन लावला. तिकडे फटाके वाजत होते. फराळाची चौकशी झाली, वहिनींनी चकल्या बिघडल्याची कबुली दिली. मग मी म्हणालो, "बापू, जरा आतल्या खोलीत जा. मला प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी बोलायचंय. मला झालेला, अप्पांना झालेला, आणि कदाचित तुलाही व्हायचा."

मी सगळे सांगितले. नळी, पिशवी, रक्त, गोळ्या. तो मध्ये एकदाही बोलला नाही. फोन तुटला की काय असे मला वाटले.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "मी गेलं वर्षभर रात्री चार वेळा उठतोय. हिला सांगितलंय, झोप येत नाही म्हणून."

पुढच्याच आठवड्यात तो मिरजेला जाऊन रक्त देऊन आला. आकडा वाढलेला निघाला, पण पुढच्या तपासण्यांत कर्करोग सापडला नाही. ग्रंथी नुसती वाढलेली होती. आता तो औषध घेतो, रात्री एकदाच उठतो आणि दर वर्षी आकडा तपासून मला कळवतो. माझा आकडा मी त्याला कळवतो. हळदीच्या भावाआधी आमचे हे बोलणे होते. माझा गेल्या वेळी २.९ होता. सर्जन म्हणतात, लक्ष ठेवू.

पण त्या पाडव्याला फोन ठेवण्यापूर्वी त्याने मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही.

"दादा, तुला होऊन दीड वर्ष झालं म्हणतोस. मला इतके दिवस का नाही सांगितलंस?"